वर्तुळातला शेवटचा पक्षी

चुन्याची रेघ रोज सकाळी आपल्या पायानं पुढं सरकायची, आणि त्या सोमवारी ती द्वारकाच्या घरापासून एकशेवीस पावलांवर येऊन थांबली. रविवारी ती दोनशे पावलांवर होती. द्वारकानं दोन्ही दिवस स्वतः मोजलं होतं, कामावर निघताना एकदा आणि दुपारी परत येताना एकदा. मोजण्यात तिचा हात धरणारं बोरमाळात दुसरं कुणी नव्हतं, कारण माळावरच्या पोल्ट्रीत गेली सहा वर्षं ती पिल्लं मोजायचंच काम करत होती.

बोरमाळात कोंबड्यांचा रोग आहे असं सरकारनं ठरवलं होतं. कुणाच्या घरात, कुठल्या खुराड्यात, ते अजून सापडलेलं नव्हतं. पण नियमच तसा होता. आधी वर्तुळ आखायचं, मग आतले सगळे पक्षी संपवायचे, आणि मध्य कुठं होता ते सवडीनं बघायचं. पहिल्या दिवशी वर्तुळ एक किलोमीटरचं होतं. जसजसे पक्षी संपत गेले तसतशी रेघ आत आली. ती शाळेच्या मागून गेली, ग्रामपंचायतीच्या पायरीवरून गेली, पिठाच्या गिरणीतून तर चालू जात्याखालून गेली आणि पिठात चुन्याचा कणसुद्धा मिसळला नाही. ज्यांच्या दारावरून ती पुढं सरकली ते सुटले. कोंबडी गेली पण घर सुटलं, असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मिश्री लावताना दिसायचे. आता आत एकच घर उरलं होतं.

रेघेच्या बाहेरच्या अंगाला चार माणसं बसलेली असत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळ्यांवर चष्मे, जवळ चार गोण्या, चहाचा थर्मास आणि पत्त्यांचा जोड. रेघ सरकली की तीही सतरंजी उचलून सरकायची. माणसं वाईट नव्हती. द्वारका शेजारून गेली की त्यांतला एक जण पत्ते छातीशी धरून विचारायचा, "ताई, आईची तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय," द्वारका सांगायची.

"बरं बरं. आम्हाला काही घाई नाही."

माळावरच्या पोल्ट्रीत मात्र सहाशे पिल्लं जिवंत होती आणि त्यांच्या अंगाला कुणी बोट लावणार नव्हतं. ती विमानानं परदेशातून आली होती. बाहेरून आलेला पक्षी तीस दिवस वेगळा ठेवायचा आणि ते तीस दिवस संपेपर्यंत तो या देशात आला असं धरायचं नाही, असा कायदा होता. त्यामुळे पिल्लं ज्या शेडमध्ये होती ती शेडही परदेशात होती. द्वारका सकाळी दहाला आत शिरायची तेव्हा आत जेमतेम उजाडत असायचं आणि तोंडातून वाफ यायची. दुपारी दोनला बाहेर पडली की माळावरचं ऊन तिच्या अंगावर धावून यायचं. पहिले काही दिवस तिचं डोकं दुखलं. मग दुखायचं थांबलं. माणूस कशालाही सरावतो, आणि द्वारका तर जरा लवकरच सरावायची.

घरी कोंबडी पाळायची नाही हा पोल्ट्रीतला पहिला नियम. घरच्या कोंबडीचं काही दुखणं असलं तर ते कामगाराच्या कपड्यांवर बसून शेडमध्ये येतं म्हणतात. द्वारकानं आपल्या तीन कोंबड्या कामावर लागली त्याच आठवड्यात आठवडी बाजारात नेऊन विकल्या होत्या. तरी दर महिन्याला कागद भरून द्यावा लागे. घरातील माणसे, एक. घरातील पक्षी, शून्य. खाली सही.

आई राहायला आली तेव्हाही तिनं माणसे एक असंच लिहिलं. रेशनकार्डावर ती एकटीच होती. नवरा वारून दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आईचं नाव तळ्याच्या वाडीला, द्वारकाच्या भावाच्या, हणमंताच्या कार्डावर होतं. आणि बोरमाळात घरात माणसं किती असं विचारलं तर कुणीही कार्डावर असतील तितकीच सांगतं. पाहुणा चार दिवसांचा असो की दोन वर्षांचा, तो ज्याच्या कार्डावर त्याच्या घरचा. यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटत नाही. द्वारकालाही वाटलं नाही.

सरकारी पशुवैद्य डॉ. अत्तार घरोघर मोजणीला आले तो आदल्या आठवड्यातला गुरुवार होता. तरुण माणूस, पण झोप न झाल्यासारखे डोळे. ते दारात उभे राहिले, गळ्यातली नळी काढून त्यांनी घराच्या भिंतीला लावली आणि बराच वेळ ऐकलं.

"दोन जीव आहेत घरात," ते म्हणाले. त्यांनी पोल्ट्रीतून आणलेला द्वारकाचा कागद काढला. "माणूस एक, कार्डाशी जुळतंय. पक्षी शून्य, ते चुकलंय. दोनातून एक गेला, राहिला एक. म्हणजे पक्षी एक."

"पक्षी न्हाई वो सायेब. माझी आई हाय ती."

डॉक्टरांनी वाकून आत बघितलं. गोदाबाई चुलीशेजारी भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. डॉक्टरांनी हात जोडले. "नमस्कार, आजी."

"या, बसा. च्या टाकाय लावते."

"नको, कामावर आहे." मग ते द्वारकाकडं वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आई असतील. मी कुठं नाही म्हणतोय? पण ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग झालं तर."

त्यांनी वजनकाटा मागवला. गोदाबाईला हाताला धरून त्यावर बसवलं. ती एक किलो आठशे ग्रॅम भरली. तक्त्यात गावरान पक्ष्याचं वजन तितकंच दिलेलं होतं, त्यामुळे डॉक्टरांना काही विशेष वाटलं नाही. द्वारकानं काट्याखाली बोट घालून बघितलं, खाली दगड नव्हता, वर पंख नव्हते. आई होती तशीच होती. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, हातात दोन शेंगा.

"किती दिसांनी हलकं वाटाय लागलंय," गोदाबाई म्हणाली. "गुडघं बी दुकत न्हाईत."

त्या दिवसापासून द्वारका तिला कडेवर घेऊन परसात न्यायची.

कागद दुरुस्त होतो, असं डॉक्टर जाताना सांगून गेले होते. माणसे दोन असं लिहायचं. फक्त त्या दुसऱ्या माणसाचं नाव आधी जिथं असेल तिथून कमी करून आणायचं. म्हणजे तळ्याच्या वाडीहून, हणमंताच्या कार्डावरून. द्वारकानं "बरं" म्हटलं आणि ती चुलीसमोर जाऊन बसली. चूल विझलेली होती. तरी ती फुंकणीनं फुंकत राहिली.

हणमंता आठ महिन्यांपूर्वी मेला होता. उसाची ट्रॉली उतारावर उलटली आणि तो खाली सापडला. आणि हे गोदाबाईला सांगितलेलं नव्हतं.

त्याला कारण होतं. ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून द्वारकाकडं आली होती आणि ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, चाळीस दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. रडलात तर डोळा गेला म्हणून समजा. द्वारका कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगून पहाटेच्या गाडीनं तळ्याच्या वाडीला गेली, भावाला पोचवून आली, आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं आईच्या डोळ्यांत औषध घातलं. चाळीस दिवस झाले की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी गोदाबाई उंबऱ्यात बसून लांबचा डोंगर बघत होती आणि त्यावरची झाडं मोजत होती. द्वारकाला वाटलं, आज नको, उद्या. त्या उद्याची तिला भीती वाटायची आणि तो रोज यायचा.

पहिल्या पहिल्यांदा गोदाबाई विचारायची, "हणमंताचा फोन आलता का?" द्वारका म्हणायची, "आलता की. कामात हाय त्यो." पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं. म्हातारपणी विसर पडतो, असं द्वारकानं मनाशी धरलं.

तिनं वहिनीला फोन लावला. वहिनी तळ्याच्या वाडीचं घर बंद करून आपल्या माहेरी गेली होती.

"कार्ड न्हाई आता वन्सं," वहिनी म्हणाली. "ह्यांचं नाव कमी कराय गेलो तर त्यांनी अख्खं कार्डच बंद केलं. म्हणाले, मालकच न्हाई तर कार्ड कशाचं?"

"आन् आयेचं नाव?"

"ते बी गेलं की त्यांच्यासंगं." मग तिनं विचारलं, "आत्याबाईंस्नी सांगितलं का तुम्ही?"

"न्हाई," द्वारका म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी रेघ सत्तर पावलांवर आली. बुधवारी पस्तीस. द्वारका मोजत होती आणि आपल्याला भीती वाटायला हवी, असं तिला कळत होतं. पण भीती कुठंतरी शेडमधल्या थंडीत राहून गेल्यासारखी वाटत होती. ती भाकऱ्या थापायची, आईला चहा द्यायची, कामाला जायची. पांढऱ्या माणसांतल्या एकानं आता रेघ ओलांडून परसातल्या लिंबाखाली सतरंजी टाकली होती. तिथून त्याला घरातलं सगळं दिसायचं. दिवसातून एकदा तो दोन मुठी तांदूळ उंबऱ्यात टाकून जायचा. गोदाबाई ते गोळा करून निवडून डब्यात भरायची.

"कुणाचा गं त्यो?" तिनं विचारलं. "लई गुणाचा दिसतोय. तांदूळ बी चांगलं हायती."

बुधवारी दुपारी शिंगटे सुपरवायझरनं द्वारकाला शेडच्या मागं बोलावलं. शिंगटे पंधरा वर्षं पोल्ट्रीत होता आणि नियमांतून वाट काढायची त्याला हौस होती. कुलूप आवडतं म्हणून नव्हे, ते उघडता येतं म्हणून आवडणारी काही माणसं असतात, त्यांतला तो.

"द्वारकाबाई, वर्तुळातला पक्षी वाचत नाही," तो म्हणाला. "त्याला देव आला तरी इलाज नाही. पण ही आपली सहाशे वाचलीच ना? का वाचली?"

"ती परदेशात हायती."

"बरोबर! मग तुमच्या आईला पण आयात दाखवा. कागद करू. तळ्याच्या वाडीहून आणल्या म्हणून लिहायचं. सीलबंद क्रेटमधून थेट शेडमध्ये. तीस दिवस आत राहू द्यात. एकतिसाव्या दिवशी त्या नव्यानं या देशात आल्या असं होतं. मग त्यांना कुणी हात लावू शकत नाही."

"माणूस म्हून येईल का ती?"

शिंगटेनं जरा विचार केला. "ते नंतर बघू," तो म्हणाला. "आधी जीव तर वाचू दे."

त्यानं खिशातून अर्ज काढला. पंधरा प्रश्न होते. द्वारकाला लिहिता-वाचता यायचं. ती सातव्या प्रश्नापर्यंत आली आणि तिथंच थांबली. उगमस्थानी मागील बारा महिन्यांत मृत्यू झाला आहे काय? पुढं दोन चौकटी होत्या.

"इथं नाही लिहायचं आणि मोकळं व्हायचं," शिंगटे म्हणाला. "होय लिहिलं तर माल परत. म्हणजे पुन्हा वर्तुळात."

"आमी लिहून दिलं की झालं?"

"नाही, नाही. डॉक्टर तोंडी विचारणार. मालाच्या समोर. मालाला ऐकू जाईल असं. तसा नियम आहे."

द्वारकानं अर्जाची घडी केली. मग पुन्हा उघडली. प्रश्न तोच होता. न्हाई म्हटलं तर आई वाचेल आणि तिचा हणमंता तळ्याच्या वाडीला ऊस तोडत राहील. हे काही वाईट नव्हतं. आठ महिने तसंच तर चाललं होतं. तरी तिनं दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि अर्ज शिंगटेच्या हातात दिला.

गुरुवारी सकाळी रेघ उंबऱ्याला लागली.

पिल्लं ज्यातून येतात तसला पिवळा प्लास्टिकचा क्रेट शिंगटेनं आणला होता. द्वारकानं त्यात गोधडी अंथरली. गोदाबाई आत बसली, गुडघे पोटाशी घेतले, आणि वरचं झाकण डोक्याला न लागता बसलं. शिंगटेनं तारेचं सील मारलं. सील बघून पांढरी माणसं बाजूला झाली. एकानं तर क्रेटचा कान धरून द्वारकाच्या डोक्यावर चढवायला हात लावला.

"कुठं चाललोय गं आपण?" वरून आईचा आवाज आला.

"पोल्ट्रीवर. म्हैनाभर ऱ्हायचंय तितं."

"न्याहरी करून निगालो आस्तो."

द्वारका रेघ ओलांडायला गेली, पण रेघ ओलांडता आली नाही. तिनं पाऊल पुढं टाकलं की रेघही तितकीच पुढं सरकली, आणि मागची मागून आली. चार पावलांचं वर्तुळ तिच्याभोवती धरून चालू लागलं. मध्य सापडला होता. रस्त्यानं जाताना लोक ओट्यावरून उठून आत जात आणि रेघ दारावरून पुढं गेली की पुन्हा बाहेर येऊन बसत. मागून चार पांढरी माणसं गोण्या खांद्यावर टाकून चालत होती. ती आपसात उसाच्या दराचं बोलत होती. गिरणीपाशी शिंगटे म्हणाला, "बघू नका तिकडं, चालत राहा," आणि द्वारका चालत राहिली. डोक्यावर एक किलो आठशे ग्रॅम होतं, तरी मान भरून आली.

पोल्ट्रीच्या दाराशी आंघोळीची खोली होती. तिला दोन दारं. बाहेरचं मळकं, आतलं चोख. मळक्या दारानं यायचं, न्हायचं आणि चोख दारानं शेडमध्ये जायचं. एका वेळी एकच दार उघडतं आणि आल्या दारानं परत जायला परवानगी नाही. द्वारका रोज इथून जायची, त्यामुळे तिला मिट्ट अंधारातही सगळं सापडलं असतं. शिंगटेनं सील तोडून क्रेट आत ठेवला आणि तो बाहेर राहिला. दार लागलं. रेघ दाराबाहेर अडली.

बाजूच्या भिंतीत एक काच होती. काचेपलीकडं टेबल टाकून डॉ. अत्तार अर्ज घेऊन बसले होते. बायामाणसांची आंघोळीची जागा म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. भिंतीतल्या जाळीतून त्यांचा आवाज यायचा.

"आजी, लुगड्यानिशीच न्हायचं आहे. संकोच करू नका."

द्वारकानं आईला क्रेटमधून काढून पाटावर बसवलं आणि गरम पाण्याचा नळ बादलीत सोडला.

"जात?" डॉक्टरांनी विचारलं.

"गावरान लिवा," द्वारका म्हणाली.

"वय?"

"म्या जल्मले तवा वड्याला पूल नव्हता," गोदाबाईनं सांगितलं. डॉक्टरांनी ते तसंच लिहिलं. लस टोचली होती का, प्रवासात काही खाल्लं का, शेवटचं अंडं कधी, असं विचारत ते खाली येत गेले. अंड्याच्या प्रश्नाला गोदाबाई हसली. द्वारकानं किती तरी दिवसांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं. बादली भरत आली.

"प्रश्न सात," डॉक्टर म्हणाले. "उगमस्थानी, म्हणजे तळ्याच्या वाडीच्या घरात, मागच्या बारा महिन्यांत कुणी दगावलं आहे का? होय किंवा नाही."

"न्हाई," द्वारका म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला. तिला त्याचं नवल वाटलं.

"आजींनीही सांगायचं आहे. दोघींचं जुळावं लागतं."

द्वारकानं घाईनं कोनाड्यातली साबणाची लाल वडी घेतली. औषधी साबण होता, त्याचा वास नाकात चढायचा. "आये, हात फुडं कर."

"साबण नगं," गोदाबाई म्हणाली.

"लावावा लागतोय हितं. नेम हाय."

"सुतकाच्या पाण्याला साबण लावत्यात व्हय गं?"

नळ चालूच होता. बादली भरून पाणी फरशीवर यायला लागलं.

"कसलं सुतक?" द्वारका म्हणाली.

"हणमंताचं. आठ म्हैनं ऱ्हायलंय." गोदाबाईनं पदर खांद्यावरून पुढं घेतला. "त्या दिशी सांजच्याला तू माझ्या डोळ्यात औषीद घालाय वाकलीस. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, पर तुझं केस माझ्या तोंडावर आलं. वलं हुतं. रोज वलंच असत्यात तुझं. पर रोज ह्या साबणाचा वास येतो. त्या दिशी नव्हता. नुसत्या पाण्यानं न्हालेलं माणूस कुठनं येतं, ते मला कळत न्हाई व्हय?"

द्वारका फरशीवर बसली. साबण तिच्या हातातच होता.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हनलं. चाळीस दिस रडायचं न्हाई म्हनलाता डाक्टर. म्या बी मोजलं चाळीस. येकेचाळिसाव्या दिशी उंबऱ्यात जाऊन बसले, तू येशील म्हून. तू आलीस आन् च्या देऊन गेलीस." गोदाबाईनं बादलीत बोटं बुडवून पाणी बघितलं. "म्हनलं, पोरीला जड जातंय. ऱ्हाऊ दे."

द्वारकाला रडू आलं नाही. आपण फार दमलोय एवढंच तिला कळलं. आठ महिन्यांचं सगळं दमणं एकाच वेळी अंगावर आलं आणि तिनं डोकं आईच्या मांडीवर टेकलं. मांडीला वजन नव्हतं. तिनं डोकं जरा उचलूनच धरलं.

काचेवर टकटक झाली.

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टरांनी विचारलं. "पाणी वाहतंय, इकडं काही कळलं नाही. होय का नाही, तेवढं सांगा. दोघींनी एकदम सांगितलं तरी चालेल."

मळक्या दाराच्या फटीतून चुन्याची रेघ आत आली. ती दोन्ही भिंतींच्या कडेनं पसरली, कोपऱ्यात वळली आणि पाटाभोवती येऊन हातभर अंतरावर थांबली. फटीतून चार जोड पांढरे बूट दिसत होते. बाहेर उसाच्या दराचं बोलणं थांबलं होतं.

"द्वारकाबाई, आत्ता सांगा," दारापलीकडून शिंगटे म्हणाला. "नाही म्हणा दोघी. एक शब्द आहे."

"त्यो मानूस काय म्हनतोय?" गोदाबाईनं विचारलं.

"हणमंता हाय म्हून सांगायचं म्हनतोय. मग सोडत्यात तुला आत."

गोदाबाईनं काचेकडं बघितलं, मग चोख दाराकडं. त्या दारापलीकडं सहाशे पिल्लं चिवचिवत होती आणि तिथं अजून पहाट होती.

"आधी सुतकाचं पाणी घाल," ती म्हणाली. "डोक्यावरनं घाल. मग सांगते काय सांगायचं ते."

द्वारकानं साबण कोनाड्यात ठेवला. नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. खोलीत वाफ भरायला लागली होती. डॉक्टरांनी अर्ज उचलून काचेला लावला, तिला दिसावा म्हणून. सातव्या प्रश्नापुढं दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या आणि दोन्हींच्या मध्ये त्यांच्या पेनाचं टोक होतं. वाफ काचेवर खालून वर चढत गेली. आधी सह्यांची जागा गेली, मग प्रश्न गेले, मग पेन.

द्वारकानं तांब्या भरला. गोदाबाईनं डोळे मिटले आणि मान पुढं केली.